दहा मेची फुगडी

मामाची पंच्याहत्तरी सांगलीला थाटात करायची आणि त्या दिवशी सगळ्या गोतावळ्याचे फोटो मोठ्या पडद्यावर ओळीनं दाखवायचे, असं मामेभावंडांनी ठरवलं. ठरवणाऱ्यांचं काय जातंय. ते ओळीनं लावायचं काम एकमतानं माझ्या गळ्यात पडलं. मी साताऱ्यातल्या एका कचेरीतून नुकताच निवृत्त झालो होतो, आणि निवृत्त माणूस दिवसभर रिकामा असतो अशी ज्यांची पक्की समजूत आहे, त्यांत माझी बायको पहिली. "घ्या की," ती म्हणाली, "तेवढंच माझ्या डब्यांची झाकणं उघडून बघायचं थांबंल तुमचं."

पंधरा दिवसांत माझ्या टेबलावर सगळा ऐवज येऊन पडला. दिसायला काही फार नाही. चार पेनड्राईव्ह, सुपारीच्या डबीत घालून पाठवलेली नखाएवढी मेमरी कार्डं आणि दोन मेलेले फोन. पण संगणकाला लावून मोजले तर फोटो भरले नऊ हजारांच्या वर. मी हौसेनं संगणकाला सांगितलं, तारखेप्रमाणे लाव. त्यानं बिचाऱ्यानं लावले. पहिल्याच रांगेत माझ्या पुतणीच्या बाळाचं बारसं होतं, त्याच्यामागून तिचं लग्न आणि त्याच्याही मागून साखरपुडा. एवढं पुढारलेलं आमचं घराणं कधीच नव्हतं.

कॅमेरा प्रत्येक फोटोच्या पोटात तारीख लिहून ठेवतो हे खरं, पण त्याला आजची तारीख आधी कुणीतरी सांगावी लागते. आमच्यात नवा कॅमेरा आला की त्याला हळदकुंकू लावतात, पेढा दाखवतात आणि लगेच सगळ्यांना भिंतीपुढं उभं करतात. घड्याळ लावायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. एका चुलतभावाच्या कॅमेऱ्याचं झाकण सैल होतं. बॅटरी जरा हलली की तो एक जानेवारीवर परत जायचा, त्यामुळं त्याच्या घरातले सगळे सण, दोन लग्नं आणि एक मूळव्याधीचं ऑपरेशन एक जानेवारीला झालेलं. आमच्या पिढीला शाळेत घालताना हेडमास्तरांनी सरसकट एक जून जन्मतारीख ठोकून दिली होती, तसलाच हा प्रकार. फोनवरून फोनवर आलेल्या फोटोंचं तर विचारूच नका. ज्या दिवशी कुणीतरी पुढं ढकलला, तोच त्याचा वाढदिवस.

तारखा माझ्या हातात आल्यात ही बातमी फुटायला वेळ लागला नाही. एका मामेभावानं हळूच फोन करून विचारलं, साखरपुड्याआधीचे महाबळेश्वरचे तीन फोटो साखरपुड्यानंतर सरकवता येतील का. त्याची बायको शेजारीच बसून हसत असावी, कारण मागून खुसखुस ऐकू येत होती. मी सरकवले. पुण्यकर्म समजून सरकवले, आणि त्याच्या सासऱ्यांना समोर बसवूनच ते दाखवायचे असंही मनात ठरवून टाकलं.

बाकीच्यांसाठी मला साक्षीदार हवा होता, आणि आमच्या घराण्यात तसा साक्षीदार एकच. आई मेढ्याजवळच्या आमच्या गावी असते. ऐंशीला टेकलीय, चष्मा फक्त सुईत दोरा ओवायला लावते. दर रविवारी मी लॅपटॉप घेऊन जायचो आणि सोप्यात बसून तिला एकेक फोटो दाखवायचो. मी फोटोतल्या माणसांकडं बघायचो, ती माणसांच्या मागं बघायची.

"ह्यो मार्गशीर्षातला," ती म्हणायची. "मागं उसाला तुरा आलाय बघ."

"आणि हा?"

"आषाढ. लावणीचा चिखूल हाय पायाला. आन् ती कडंची म्हस बघ, गाभण हाय. तिला एकदाच पारडी झाली, तुझी मधली भन बाळंतपणाला आली हुती त्या साली. लिव."

मी वहीत लिहायचो आणि घरी येऊन तपासायचो. जिथं खरी तारीख दुसरीकडून कळत होती, तिथं आईचा अंदाज आठवड्याच्या पलीकडं चुकलेला मला सापडला नाही. मी एकदा विचारलं, तू कुणाच्या तोंडाकडं बघतच नाहीस, असं का.

"मानसं बघितली की फसगत हुती," ती म्हणाली. "मानसं कवाबी हासत्यात. गवात तसं न्हाई करत."

हे वाक्य मी जपून ठेवलं. पुढं ते उपयोगी पडणार आहे हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

आता घरातलं एक जुनं दुखणं सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. आईची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, शिराळ्याला दिलेली. मामा या दोघींच्या मधला. तेरा वर्षांपूर्वी दहा मेला आमच्या गावच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. त्या घरासाठी आईनं अर्धं आयुष्य वाट बघितली होती. धाकट्या बहिणीला द्यायची म्हणून तिनं साताऱ्याला येऊन चार दुकानं पालथी घालून हिरवी साडी निवडली. आदल्या दिवशी मावशीचा निरोप आला, कंबर धरलीय, अंथरुणातून उठता येत नाही. आई हळहळली आणि साडी कपाटात ठेवून दिली.

दिवाळीत भाऊबीजेला सगळी मामाकडं जमली. मावशीच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, नव्या कॅमेऱ्यातले फोटो छापून आणले होते आणि ते प्रसादासारखे वाटत होते. आईच्या हातात जो आला त्यात मावशी अंगणात फुगडी खेळत होती. पदर खोचलेला, मान मागं टाकलेली, तोंडभर हसू. आणि खाली उजव्या कोपऱ्यात नारंगी आकड्यांत छापलं होतं, दहा, पाच आणि ते साल.

आईनं फोटो पिशवीत घातला, भावाला ओवाळलं आणि डोकं दुखतंय म्हणून न जेवता निघून आली. तेव्हापासून मावशीशी बोलणं बंद. का, ते मावशीला तिनं कधी सांगितलं नाही आणि आम्हालाही सांगू दिलं नाही. "तिचं तिला म्हाईत हाय," एवढंच. आम्हाला मात्र तो फोटो वर्षातून दोनदा तरी बघावा लागायचा. त्या हिरव्या साडीच्या घडीत तिनं तो पुरावा म्हणून ठेवला होता. "कंबर धरलेली बाई," ती बोट ठेवून म्हणायची, "बघा कशी गिरक्या घेतीया. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

मावशीही तिचीच बहीण. तिनं दोनदा फोन केला, आईनं घेतला नाही, मग तीही हटून बसली. लग्नकार्यात दोघी मांडवाच्या दोन टोकांना बसायच्या. भाऊबीजेला एक सकाळी यायची आणि एक संध्याकाळी, आणि मामा दोन वेळा टिळा लावून घ्यायचा.

पंच्याहत्तरीला कणकेचे पंच्याहत्तर दिवे एका परातीत लावून ओवाळतात. तेलावातीसकट ती परात एकट्या बाईला पेलत नाही, दोघींनी दोन बाजूंनी धरावी लागते. मामानं आयुष्यात कुणाकडं काही मागितलं नाही, पण या वेळी त्यानं मुलांना सांगितलं, माझ्या दोन बहिणींनी मिळून ओवाळावं, बाकी तुमचं काय ते करा. आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "परातीला तिचा हात लागनार आसंल तर मी सांगलीला यायची न्हाई." आणि आई बोलली की ते बोलणं दगडावरची रेघ. मामाचा फोन यायचा. तो परातीचं थेट विचारायचा नाही, नुसता "आक्का काय म्हणतीय?" म्हणून थांबायचा.

असं सगळं असताना मी काकांच्या पहिल्या कॅमेऱ्याचा गठ्ठा उघडला. त्यात गणपती दोन जूनला बसले होते. दिवाळी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, आणि पोरं भर पावसाळ्यात कोरड्या अंगणात फुलबाज्या पेटवत होती. ही काही बॅटरी हलल्याची चूक नव्हती. सगळा गठ्ठा एकाच मापानं मागं सरकलेला. मी काकांना फोन लावला.

"काका, तुमच्याकडं गणपती जूनमध्ये बसतात काय?"

"का रं?"

"कॅमेऱ्याला तारीख कुणी घातली होती?"

"म्याच की," काका अभिमानानं म्हणाले. "नागपंचमीला आनला, पूजा केली आन् चालू केला. त्यानं इचारलं, दिवस कंचा? पंचमी, म्हंजी पाच. म्हैना कंचा? चैत्र, वैशाख, जेष्ठ, आषाढ, श्रावण. पाच. घातलं पाच-पाच. साल मातुर शके घालाया गेलो तर घीना बेनं, म्हून तेवढं इंग्रजी घातलं."

"काका, कॅमेरा इंग्रजी महिना विचारत होता."

"आमच्या घरात आलाय न्हवं? मग आमचा म्हैना सांगितला."

मी फोनवरच हात जोडले. त्या सालचं पंचांग काढून हिशेब केला. पाच मेपासून खऱ्या नागपंचमीपर्यंत एक्क्याण्णव दिवस. म्हणजे गठ्ठ्यातला प्रत्येक फोटो एक्क्याण्णव दिवस पुढं न्यायचा. हजारभर फोटो एका झटक्यात सरकवता येतात, फक्त पुढं की मागं एवढं नीट बघावं लागतं. ते मी बघितलं नाही. रविवारी आईला माझी करामत दाखवायला गेलो तर गणपती शिमग्याच्या तोंडावर जाऊन बसलेले. आई पोट धरून हसली. "आता गौराईला पुरनपोळी करायची का होळीला, तेवढं इचारून ये त्या यंत्राला," ती म्हणाली.

घरी येऊन मी गठ्ठा सरळ केला, आणि सरळ करताना एक फोटो डोळ्यांसमोरून गेला. मावशीची फुगडी. त्याची दहा मे पुसली गेली होती आणि तिथं ऑगस्टातली तारीख आली होती, नागपंचमीनंतर पाच दिवसांची. वास्तुशांत झाली त्या दिवशी हा कॅमेरा दुकानातून निघालाही नव्हता.

अशा वेळी अंगावर काटा आला असं लिहायची पद्धत आहे, पण मला आधी हसू फुटलं. आई चुकली होती. साठीला आलेल्या मुलाला यापेक्षा मोठा आनंद नसतो, आणि मी तो स्वयंपाकघरात जाऊन बायकोला दोनदा सांगून उपभोगला. मग मात्र खूप वाईट वाटलं. तेरा दिवाळ्या गेल्या होत्या. दोन बहिणींनी एकमेकींच्या घरचं पाणीही घेतलं नव्हतं, आणि कारण काय, तर काकांनी श्रावणाला पाचवा महिना म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी गावी गेलो आणि सगळं सरळ सांगून टाकलं. तीच माझी चूक झाली. आईनं ऐकून घेतलं आणि शेंगा सोलत राहिली.

"तारखा कोन बदलतंय?" तिनं विचारलं.

"मीच."

"काल गनपती शिमग्यात कुनी बशिवला?"

"मीच."

"आन् पाच-पाचचं तुला कुनी सांगितलं? तिच्याच नवऱ्यानं. उंदराला मांजर साक्ष. उद्या तू माझं लगीन माझ्या जल्माच्या आदी दावशील."

तारखा बदलणाऱ्यानं तारखेची साक्ष द्यायची नसते, हे मला कचेरीत अडतीस वर्षं काढून कळायला हवं होतं.

मला राग आला होता, आणि राग आला की माझं डोकं चांगलं चालतं. रविवारी जाताना मी फुगडीचा फोटो घेतला आणि त्यातली मावशी कापून टाकली. कोपऱ्यातली तारीखही कापली. राहिला नुसता मागचा भाग. घराची पायरी, पायरीलगतची भिंत, जळणाचा ढीग आणि कडेला चार हिरवी रोपं. तो तुकडा मी दहा फोटोंच्या मधोमध घातला आणि साळसूद चेहरा करून आईपुढं बसलो.

पाच फोटो झाले. सहावा आला.

"ह्यात तर मानूसच न्हाई," आई म्हणाली.

"कुणाचा हात हलला असंल. कधीचा आहे तेवढं सांग."

ती पुढं वाकली. "श्रावण. जळनावर कागद घातलाय, पायरीला शेवाळ धरलंय. आन् त्यो तेरडा हाय, नुकता फुलाया लागलाय. गौरी याला अजून हायती दिवस."

"वैशाखातला नसंल?"

"वैशाखात तेरडा?" आईनं माझ्याकडं कीव करून बघितलं. "तुला कचेरीत एवढी वर्सं ठिवून तरी कसं घेटलं रं?"

"म्हणजे लिहू? श्रावण?"

"लिव की. काय छातीवर हात ठिवून सांगू?"

मी वहीत लिहिलं, वही तिच्यापुढं धरली आणि अख्खा फोटो उघडला.

तीच पायरी, तेच शेवाळ, तोच तेरडा, आणि त्यांच्यापुढं मावशी मान मागं टाकून हसत होती. कोपऱ्यात नारंगी दहा-पाच. आई हललीसुद्धा नाही. मी मोठ्या विजयाच्या तयारीत होतो, पण तिचा चेहरा बघून माझी सगळी मस्ती उतरली.

"तिची कंबर खरंच धरली हुती मग," ती म्हणाली.

"हो."

"आन् म्या इचारलंबी न्हाई, बरी झाली का म्हून." तिनं पदरानं डोळे पुसले. "त्या दिशी म्या गवाताकडं बघितलंच न्हाई बग. तिच्या तोंडाकडंच बघत ऱ्हायले."

मग ती एकदम सावरून बसली आणि म्हणाली, "लाव फोन. आन् ती तारीख पुस त्या फोटोवरची. ह्यातलं तिला काय कळाया नगं."

फोटोच्या पोटातली तारीख बदलता येते, पण कोपऱ्यात छापलेली तशीच राहते, तेवढी कड कापूनच टाकावी लागते. हे मी आईला समजावून सांगितलं आणि फोन लावून स्पीकरवर टाकला. पलीकडून मावशी म्हणाली, "कोन?"

"मी हाय," आई म्हणाली. "तुजी कंबर कशी हाय?"

फोन कट झाला की काय म्हणून मी फोनवरच्या मिनिट-सेकंदांच्या आकड्यांकडं बघितलं. चालू होता.

"बरी हाय," मावशी म्हणाली. "तेरा वर्सं झाली बरी हूनशान."

"सांगलीला येनार न्हवं?"

"येतीया की."

"परात लय जड असती म्हनं."

"आसंना. दोगी हाय की आपुन."

मावशीला काही सांगायचं नाही असं आईनं मला बजावलं होतं. काकांना सांगायचं नाही असं ती काही म्हणाली नव्हती. मी त्याच संध्याकाळी काकांना फोन करून पाच-पाचचा पुढचा सगळा पराक्रम ऐकवला. ते म्हणाले, "गड्या, ह्ये हिला मला सांगाया लागंल. जेवल्यावर सांगतो. उपाशीपोटी नगं."

पंच्याहत्तरीच्या दिवशी सांगलीत मामाच्या घरी आई आणि मावशी समोरासमोर आल्या तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी हातातली कामं सोडली होती. माझी बायको तर भाजीचा डाव हातात घेऊनच बाहेर आलेली. दोघींनी एकमेकींचे हात धरले, केस किती पांढरे झाले ते बघितलं आणि कोपऱ्यातल्या सतरंजीवर बसल्या. आईनं पिशवीतून ती हिरवी साडी काढली. "वास्तुशांतीची हाय," ती म्हणाली. "द्यायची ऱ्हायली हुती."

मावशीनं साडीची घडी मोडली आणि आतून फोटो खाली पडला. तिची फुगडी. उजवा कोपरा कात्रीनं कापलेला, अगदी सरळ. आईनं तो आतच का ठेवला हे मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

मावशीनं फोटो उचलून उजेडात धरला.

"ह्यो कोपरा काय झाला गं आक्का?"

"उंदरानं खाल्ला," आई म्हणाली.

"साडीत हुता न्हवं? साडीला तोंड लावलं न्हाई त्यानं?"

"न्हाई."

"आन् फोटोबी सोडला सगळा." मावशीनं कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "तारीख तेवढी खाल्ली. लय शाना उंदीर म्हनायचा."

आई तिच्याकडं बघत राहिली. मग दाराशी उभ्या असलेल्या काकांकडं, आणि मग माझ्याकडं. मी पडद्याची वायर नीट करायला वळलो.

"शाना कसला बाई," मागून आईचा आवाज आला. "तेरा वर्सं ती एक तारीख कुरतडत बसला हुता."

मामानं आतून हाक मारली, दिवे विझायला लागलेत म्हणून. दोघी एकमेकींच्या खांद्याला धरून उठल्या. मावशीनं कंबरेवर एक हात ठेवला आणि आईनं तो बघितला.

"धर," आई म्हणाली, "जड बाजू मी घेती."